इचारणाऱ्याचं काय जातं?

घोटीच्या बाजारात भाताची पोती घेऊन माणूस उतरला की त्याला प्रश्नांचा तोटा नसतो. भात कुठलं? इंद्रायणी की एक हजार आठ? सोंगणीत पाऊस लागला होता का? वाळलंय का? व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, दोन दाताखाली फोडतो. तोंडानं विचारत असतो, पण मनात भाव ठरवून कधीच मोकळा झालेला असतो. त्याला उत्तर नको असतं. ‘वाळलंय का?’ याचा अर्थ ‘वाळलेलं नाही, कमी घे’ एवढाच. शेतकऱ्यालाही ते ठाऊक असतं. तोही ‘चार उन्हं दिलीत शेठ’ असं ठरलेलं उत्तर देतो. आमच्या दोन-तीन पिढ्या हेच करीत आल्या. यात कोणी कोणाला फार फसवतंय असंही नाही, तो बाजाराचा रिवाज आहे. देवळात गेल्यावर घंटा वाजवतात, तसं पोतं सोडल्यावर ‘वाळलंय का’ म्हणायचं.

पण मला बरीच वर्षं एक गोष्ट डाचत होती. धंदा लहान असो की मोठा, सगळे सांगतात की विचारत जा. डोळे उघडे ठेव, चार प्रश्न विचार, मग पाऊल टाक. आणि आमच्याकडे तर लोक दिवसभर विचारतच असतात. मग एवढं विचारूनही माणसाला कळत का नाही? नुसतं विचारणं पुरत नसेल, तर चांगलं विचारणं म्हणजे काय?

आपल्या भाषेतच बघा. विचार करणं आणि विचारणं हे एकाच शब्दातनं निघालंय. म्हंजे आपल्या वाडवडिलांनी विचारणाऱ्याकडून थोडा विचार धरलेला होता. पुढं त्या एका शब्दाला किती फांद्या फुटल्या. पाव्हणा आला की आपण विचारपूस करतो. सरकारी माणूस आला की तो चौकशी करतो. गडी उशिरा आला की मालक जाब विचारतो. पोरगी बघायला आलेले लोक विचारतात त्याला तर काही नावच नाही. शब्द तेच असतात. ‘काय रं, कुठं होतास?’ हे आई विचारते तेव्हा वेगळं, आणि मुकादम विचारतो तेव्हा वेगळं. म्हणून मला वाटतं, प्रश्न चांगला की वाईट हे त्याच्या शब्दांवर ठरतच नाही. उत्तर आल्यावर कोणाचं काय जाणार आहे, यावर ते ठरतं.

हे नीट सांगायचं तर गिरणीतनंच सांगावं लागेल. घोटीत भाताच्या गिरण्या पुष्कळ. आमच्या इगतपुरी तालुक्याचं भात येतं, कळसूबाईच्या पलीकडनं अकोल्याकडचंही येतं. अशा एका गिरणीत माझं तरुणपणी बरंच जाणं-येणं होतं. मालक आता हयात नाहीत, माणूस कष्टाळू आणि देवभोळा. पण काही बिघडलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘कोणी केलं?’ पट्टा तुटला, कोणी केलं? पोतं फाटलं, कोणी केलं? तांदळात खडा आला, कोणी केलं? कामावरची माणसं गरीब होती पण खुळी नव्हती. ‘कोणी केलं’ या प्रश्नाचं त्यांनी एक कायमचं उत्तर काढून ठेवलं होतं. जो माणूस त्या दिवशी कामावर नसेल त्याचं नाव. एका हंगामात एक पोऱ्या तापानं आठ दिवस घरी पडला होता. त्या आठ दिवसांत त्यानं गिरणीतले दोन पट्टे तोडले, पाच पोती फाडली आणि एक तराजू बिघडवला. नवव्या दिवशी कामावर आला तेव्हा त्याचा हिशोब झालेला होता. पट्टे मात्र पुढच्या महिन्यातही तुटले, कारण ज्या चाकावरनं पट्टा जायचा ते चाकच वाकडं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं. सांगणार कोण? सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ‘मग आधी का नाही सांगितलं?’

दुसऱ्या एका गिरणीतला मिस्तरी मला आठवतो. चौथीच्या पुढं शाळा नाही. शेजाऱ्याचं इंद्रायणी भरडायला घेऊन आम्ही दोघं गेलो होतो. इंद्रायणीचा दाणा लांबट आणि नाजूक. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं 1987 साली ती जात बाहेर काढली, आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातनं. वास आंबेमोहोराकडनं आला. पण जपून वाळवली नाही तर तुटते फार. त्या दिवशी तांदूळ येईना, कणीच जास्त येऊ लागली. शेजारी तापला. ‘मिस्तरी, तुमच्या मशीननं माझा माल फोडला.’ मिस्तरी काही बोलला नाही. त्यानं मशीन बंद केलं, झाकण काढलं, रबराचे दोन्ही रोल चाचपून पाहिले, त्यांच्यातली फट बघितली. मग दुसऱ्या एका माणसाचं घमेलंभर भात त्याच मशीनमधनं काढलं. ते चांगलं निघालं. तेव्हा कुठं शेजाऱ्याजवळ येऊन बसला आणि विचारू लागला. सोंगणी कधी केली? लोंबी वाळल्यावर उभं किती दिवस राहिलं? झोडल्यावर वाळवलं कशावर? खळ्यावर की रस्त्यावर? रात्री झाकलं होतं का?

शेजाऱ्यानं खरं सांगितलं. डांबरी रस्त्याच्या कडेला पसरलं होतं, दुपारभर तापलं, रात्री दंवात तसंच पडलं. मिस्तरी म्हणाला, ‘मंग बरोबर हाय. वरून वाळलं, आतून ओलं राहिलं, दाण्याला चीर गेली. चिरलेला दाणा कसलंबी मशीन असू द्या, तुटणारच.’ भरडायच्या भातात ओल शेकडा 13-14 पर्यंत यावी लागते, हे मी पुढं वाचलं. ती ओल सावकाश उतरली पाहिजे, हे त्या दिवशी कळलं.

घरी येताना मी त्याला विचारलं होतं, ‘मिस्तरी, आधी याला का नाही इचारलं? मशीन कशाला खोलत बसले?’ तर म्हणाला, ‘भाऊ, आधी त्यांना इचारलं असतं तर ते म्हणाले असते मशीन खराब, मी म्हणालो असतो भात खराब. दिवस गेला असता. पहिला सवाल आपल्याच मशीनला करायचा. मंग पुढचा माणूस खरं बोलतो.’

या माणसानं आधी स्वतःचं काय जाईल ते पुढं ठेवलं. रोल झिजलेले निघाले असते तर दोष त्याचा, खर्च त्याच्या मालकाचा. ते मान्य करून मग त्यानं दुसऱ्याला विचारलं. ‘कोणी केलं’ विचारणाऱ्या मालकांचं मात्र कुठल्याच उत्तरानं काही जाणार नव्हतं. जे जायचं ते दुसऱ्याचंच.

आमचा मुलगा गोंद्याला कारखान्यात आहे. त्याला तिथं शिकवलं की काही बिघडलं तर पाच वेळा ‘का’ विचारायचं. जपानातल्या टोयोटा कंपनीत तायची ओनो नावाचे एक मोठे जाणकार होऊन गेले, त्यांची ही रीत. त्यांचं उदाहरण मुलानं मला सांगितलं. मशीन का थांबलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसं नव्हतं. तेल का नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. का ओढत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? जाळी बसवलेली नव्हती, लोखंडाचा कीस आत जात होता. म्हंजे फ्यूज बदलून भागलं नसतं, जाळी बसवायला पाहिजे होती. मला ते फार आवडलं. पाच वेळा विचारून शेवटी उत्तर जाळीवर आलं, कोणा माणसावर आलं नाही. आमच्याकडे पाच वेळा ‘का’ विचारलं तर तिसऱ्यालाच गडी रडायला लागेल. उशिरा का आलास? झोप लागली. का लागली? रात्री जागलो. का जागलास? आता काय सांगेल तो? घरी बाप दारू पिऊन मारतो हे चार माणसांत सांगेल? रीत तीच, पण हातात कोणाच्या आहे यावर सगळं.

यावरून तात्यांची आठवण येते. आमच्या वडलांना सगळे तात्या म्हणत. आवणीच्या आधी, आखाडात, कामाची माणसं उचल मागायला येत. ठाकर, कोळी, आमच्यातलीही गरीब घरं. उचल देताना बाकीचे शेतकरी विचारत, ‘कशाला पाहिजे?’ रीतच होती. पैसे देणाऱ्यानं विचारायचं आणि घेणाऱ्यानं खाली बघून सांगायचं. तात्या ते विचारत नसत. किती पाहिजे आणि आवणीला किती जण येणार, एवढंच विचारत. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेन. आईनं एकदा म्हटलं, ‘अहो, निदान इचारावं तरी माणसानं, पैसे कुठं जातात.’ तात्या म्हणाले, ‘त्यानं सांगितलं का दवाखान्याला, तर मी जास्त देणार हाय का? आणि सांगितलं का दारूला, तर मी आवणीला नको म्हणणार हाय का? मंग इचारून त्याची अब्रू कशाला घेऊ?’

तात्यांचं हे बोलणं मी पुष्कळ वेळा घोळवलं आहे. ज्या उत्तरानं मी काहीच वेगळं करणार नाही, ते उत्तर मागायचा मला अधिकार काय? आपण म्हणतो, विचारण्यात काय जातं. विचारणाऱ्याचं काहीच जात नसतं, हीच तर अडचण. जातं ते समोरच्याचं. कर्जाच्या अर्जावर, योजनेच्या फॉर्मवर, लग्नाच्या बैठकीत असे कितीतरी प्रश्न असतात. विचारणाऱ्याला त्याचं काही करायचं नसतं, तरी उत्तर देणाऱ्याला आपली सगळी गाठोडी सोडून दाखवावी लागतात. तात्यांचा उचलीचा हिशोब दरवर्षी बसायचाच असं नाही. काही पैसे बुडाले. पण आवणीला माणूस कमी पडलेलं मला आठवत नाही.

तरी तात्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. न विचारणं ही सोयही असते. गडी काय खातो, कुठं झोपतो, हे न विचारणारे मालक मी पाहिलेत, आणि ते काही अब्रू राखायला गप्प नव्हते. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून गप्प होते. म्हंजे गोष्ट फिरून तिथंच येते. उत्तराची किंमत मोजायची तयारी आहे का? असेल तर विचार, आणि मग तर विचारायलाच पाहिजे.

इंद्रायणीचं नाव निघालं म्हणून सांगतो. तुकोबारायांच्या गाथा इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण परंपरा सांगते की त्याच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं दुसरे कागद त्या नदीत बुडवले होते. देहूला त्यांच्या घरी दुकान होतं, महाजनकी होती, लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. दुष्काळात घरातली माणसं गेली, गाव खंगलं. त्या वेळी या लहानशा दुकानदारानं स्वतःला काय विचारलं असेल ते आपण काय सांगणार. पण उत्तर आल्यावर केलं काय, ते सांगतात. खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. कीर्तनात हा प्रसंग आला की लोक पाण्यात सोडलेल्या कागदांवर डोलतात. मला भावाला दिलेला वाटा मोठा वाटतो. आपल्या प्रश्नाचं मोल आपल्याच वाट्यातनं द्यायचं, भावाच्या नाही.

आता आमच्या धंद्याकडे येतो. शेती हाही लहान धंदाच, फक्त तो वडलांकडनं आल्यामुळे त्याला कोणी धंदा म्हणत नाही आणि कोणी हिशोबही मागत नाही. आमच्या पिढीला तो हिशोब मागायला लावला शरद जोशींनी. परदेशात, स्वित्झर्लंडला जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर असलेला हा माणूस 1976 साली परत आला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसू लागला. तज्ज्ञ म्हणून येऊन शेतकऱ्याला ‘तुम्ही मागे का?’ असं विचारणारे त्याच्या आधी पुष्कळ होऊन गेले होते, नंतरही झाले. हा प्रश्न विचारताना त्यांच्या खिशातलं काही जात नव्हतं. जोशींनी स्वतःची जमीन, स्वतःचा पैसा मातीत घातला, आणि मग वही उघडून विचारलं, पिकवायला खर्च किती आला आणि हातात किती पडले? एवढा साधा प्रश्न. उलटी पट्टी आम्हालाही ठाऊक होती. माल विकून पैसे मिळायच्या ऐवजी आडत, हमाली, भाड्यापोटी आपणच देणं लागायचं. पण आम्ही त्याला नशीब म्हणत होतो. त्यानं त्याला हिशोब म्हटलं. 1980 च्या नोव्हेंबरात आमच्या नाशिक जिल्ह्यात कांद्याचं आणि उसाचं आंदोलन झालं, मुंबई-आग्रा रस्ता अडला, खेरवाडीला रेल्वे अडवली. तेव्हा मी विशीत होतो. घोटी रस्त्यावरच, तेव्हा बातम्या चालत यायच्या.

पुढं या एका प्रश्नाच्या पोटातनं दुसरा निघाला, तो जास्त अवघड. खर्च म्हंजे काय काय धरायचं? दिल्लीला कृषिमूल्य आयोग आहे, तो हे मोजतो. बी, खत, मजूर, डिझेल असा रोख गेलेला खर्च, त्याला ते ए-2 म्हणतात. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-2 अधिक एफएल. शिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-2. स्वामिनाथन आयोगाची शिफारस खर्चावर निम्मा नफा देण्याची. आता सरकार म्हणतं दीडपट दिला, शेतकरी म्हणतात नाही दिला. दोघं वेगवेगळ्या खर्चाबद्दल बोलतात. 2025-26 साली साध्या भाताचा हमीभाव 2369 रुपये क्विंटल होता. त्यासाठी धरलेला खर्च 1579, आणि तो ए-2 अधिक एफएल. सी-2 धरला तर दीडपट होत नाही. सगळं भांडण एका प्रश्नावर, ‘यात काय काय धरलं?’ मला तर वाटतं धंदा करणाऱ्यानं कुठलाही आकडा कानावर आला की आधी एवढंच विचारावं.

पण ‘सरकारनं काय धरलं’ हे विचारताना माझं काही जात नाही. म्हणून आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

आम्ही दोघं भाऊ 2012 पासून आमचं भात व्यापाऱ्याला न घालता भरडून, निवडून, पिशव्या भरून नाशिक-कल्याणच्या घरांना देतो. तीन एकराचा माल, धंदा तेवढाच. 2018 च्या दिवाळीनंतर भाव ठरवायला बसलो. वही माझ्याकडे. बी, खत, चिखलणीचा ट्रॅक्टर, आवणीची मजुरी, भरडाई, पिशव्या, गाडीभाडं. लिहून झालं. दिल्लीच्या कागदावर घरच्यांची मजुरी धरतात, आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या वहीत तो रकानाच नसतो. मी तो ओढला आणि विचारलं, ‘घरातल्या बायांचा रोज लिहायचा का?’ धाकटा भाऊ हसला. बाया गप्प राहिल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

आईला विचारलं, ‘आये, तू किती दिवस काम केलं असशील?’ ती म्हणाली, ‘दिवस कोण मोजतंय.’ चार वेळा फिरवून विचारलं, तरी तेच. मग आमच्या घरचीनं युक्ती केली. म्हणाली, ‘आत्या, राबाला शेण टाकलं तव्हा कोण आलं होतं?’ लगेच आईला आठवलं, मावशी आली होती, चार दिवस राहिली, जाईपर्यंत शेण-पालाच चालला होता. नागपंचमीला आवणी उरकली होती का? नव्हती, दोन खाचरं राहिली होती. पोळ्याला निंदणी? गणपती उठल्यावर? असं करत करत सण, पाव्हणे, आजारपणं धरून साल उलगडत गेलं. मला ‘किती दिवस’ विचारता येत होतं, कारण मी दिवस कॅलेंडरवर मोजतो. तिचे दिवस तसे बांधलेलेच नव्हते. माझ्या प्रश्नात कोणता दोष होता असं नाही, पण तो तिच्या भाषेत नव्हता. नागपंचमीपासून विचारल्यावर मी काही न लिहिलेल्या कितीतरी कामांची यादी निघाली. तांदूळ निवडायला, कणी काढायला, पिशव्या शिवायला तिघी रात्री किती बसल्या ते तर कोणीच धरलेलं नव्हतं.

तिघींचे मिळून एकशे ऐंशीच्या वर रोज निघाले. त्या साली आमच्याकडे बाईचा आवणीचा रोज अडीचशे होता. तयार तांदूळ अदमासे सदतीस क्विंटल. भागिले तर किलोमागं बारा रुपये आले. बारा रुपये! वहीवर आकडा दिसल्यावर सगळे जरा वेळ गप्प झाले. म्हंजे इतकी वर्षं आमचा तांदूळ परवडत होता तो या बारा रुपयांवर.

आता खरी वेळ होती. असला आकडा काढून ‘बायांचे कष्ट फार मोठे’ असं भाषण करून वही मिटता येते. तसं करणारे पुढारी मी ऐकलेत. 1986 च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं होतं. पुढं शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. त्यात कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ज्यांनी करून दिली त्यांनी किंमत मोजली, म्हणून त्या कार्यक्रमाला वजन. टाळ्या तर सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

भाव बारानं वाढवला तर गिऱ्हाईक राहणार नाही, हे उघड होतं. चार रुपये वाढवले. त्यातही काही घरं सुटली. ‘दुकानात स्वस्त मिळतो’ म्हणाली, त्यांचंही खोटं नव्हतं. उरलेले आठ रुपये आम्हा दोघा भावांच्या वाट्यातनं काढायचे ठरलं. तिघींची खाती आधीच होती, त्यावर हंगामाच्या शेवटी पैसे टाकायचे. त्या साली बोअरचं काम पुढं ढकललं. भाऊ तयार झाला, पण मनातनं नाही. मला म्हणाला, ‘दादा, घरच्या बाईला रोज द्यायला लागलो तर ते घर राहतं का? आज आवणीचा देशील, उद्या भाकरीचाबी मागतील.’

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. घरात सगळंच मोजायचं झालं तर मायेला काय उरलं, हे मलाही वाटतं. आजारी पडलो तेव्हा घरची पंधरा दिवस दवाखान्यात बसून होती, त्याचा रोज लिहायचा? लिहिला तर तिला राग येईल. पण तिसऱ्याच्या घरात राबलेल्या बाईला रोज मिळतो आणि आपल्या घरात राबलेलीला माया मिळते, तर मायेचा तेवढाच भाव आम्हा पुरुषांच्या वाट्याला का नाही, हेही खरं. कुठपर्यंत मोजायचं याची रेघ मला ओढता आलेली नाही. तांदळाच्या धंद्याचं काम तेवढं मोजायचं, अशी आम्ही तात्पुरती ओढली आहे. ती कच्ची आहे. आवणीला आलेल्या बारा बायांची भाकर घरात भाजली जाते, ती धंद्यात की घरात?

ही गोष्ट भाऊ विसरला, पण त्याची बायको विसरली नाही. वही आता तिच्याकडे असते. तिचं अक्षर चांगलं आहे आणि ती बारावी झालेली आहे. यंदा हिशोबाला बसलो तर पहिला प्रश्न तिनंच केला. मला म्हणाली, ‘दादा, आवणीच्या दिवसांत मी पहाटे चारला उठून भाकरी टाकते, ते कुठल्या रकान्यात लिहू?’

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, ‘आधी चहा ठेव, मंग बघू.’

ती म्हणाली, ‘आणि तो कुठल्या रकान्यात?’

आई मोठ्यानं हसली. भाऊही हसला, पण चहाला उठलं कोणीच नाही. हिशोब त्या दिवशी तिथंच राहिला. आखाड लागायच्या आत पुन्हा बसायचंय.